गार भट्टीची तपासणी

अक्षय्य तृतीया : गावच्या माळावर भट्टी पेटली. नागपंचमी : माझा पहिला तक्रार अर्ज. दिवाळीचा पाडवा : अंगणात रांगोळीला वाकलेल्या माझ्या पत्नीला धाप लागली, ती पुन्हा पूर्ण गेलीच नाही. संक्रांतीच्या आधीचा बुधवार : ‘अचानक’ तपासणी. जबाबदार व्यक्ती : भट्टीचे मालक, ना-हरकत दाखला देणारे सरपंच, तपासणीस आलेले प्रदूषण मंडळाचे अधिकारी, आणि चौथा एक मनुष्य, ज्याचे नाव मला ठाऊक नाही. हे लिहिणे त्या चौथ्याच्या शोधासाठी आहे.

भट्टी म्हणजे लोखंडी पत्र्याचे एक लांबलचक, तिरके, फिरते पिंप. आतून अग्निरोधक विटांचे अस्तर. बाहेरगावाहून मैद्यासारखी बारीक दळलेली माती येते, या पिंपात भाजली जाते आणि पांढरी होऊन रंगाच्या कारखान्यांना जाते. इतकी हलकी माती गरम हवेबरोबर वर उडणारच. ती अडवण्यासाठी धुरांड्याच्या आधी कापडी पिशव्या लावलेल्या असतात. पिशव्या तुंबल्या की धूर कोंडतो आणि काम मंदावते. मग बाजूची झडप उघडली की धूर, धूळ, सारे थेट आभाळात. झडप उघडताना मी पाहिलेले नाही, म्हणून तसा आरोप मी कधी लिहून दिला नाही. मी लिहिले ते एवढेच, की आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया दाताखाली कचकचतात.

भट्टी पेटवली त्या दिवशी मालकांनी मांडवात भाषण केले होते. पेढे वाटता वाटता मोठ्या अभिमानाने म्हणाले, “ही भट्टी म्हंजे चूल न्हाई, पाणी मारलं की विझली. एकदा पेटली की गार व्हायलाच आठवडा लागतो. घाई केली तर आतल्या विटा तडकतात. म्हणून हिला सुट्टी न्हाई, अन् तुमच्या पोरांलाबी न्हाई!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील.

तालुक्याच्या न्यायालयात नोटिसा बजावण्याचे काम पाहणारा नाझर म्हणून माझी हयात गेली. त्यामुळे पारावर मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. शेजारचे गृहस्थ तर भर रस्त्यात विचारायचे, “वकीलसाहेब, आज कुनाला नोटीस? आमच्या म्हशीला तर न्हाई ना?” डॉक्टरांनी पत्नीची छाती तपासून स्पष्ट सांगितले होते, “एक तर धूळ हलवा, नाहीतर बाईंना हलवा.” आणि पत्नी म्हणत होती, “मी न्हाई जायची लेकीच्या दारात. माझं घर हाय हे.”

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात तिला एकाएकी बरे वाटू लागले. खोकला थांबला. तिने अंगण झाडले, मागच्या दारी बसून तीळ निवडले. अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर धुळीची पांढरी साय धरली नव्हती, हे मलाही दिसले. वारा फिरला असेल, असे मी म्हणालो. धुरांडे माळाच्या पलीकडच्या उतारावर असल्याने धूर निघतो की नाही, हे घरातून कळत नाही. सगळे श्रेय आम्ही नव्या औषधाला दिले.

मंगळवारी संध्याकाळी मला निरोप आला, “उद्या तपासणी आहे, तक्रारदाराने हजर राहावे.” गेलो. अधिकाऱ्यांनी पिंपाच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “गार आहे हो. बंद भट्टीतून धूळ कशी येईल?” मीही हात लावला. माठासारखा गार. मालक हात जोडून उभे होते. “आज सकाळीच बंद केली, साहेब. काकांचा गैरसमज झालाय, दुसरं काई न्हाई.” त्यांचे हे वाक्य पंचनाम्यात जसेच्या तसे घ्या, असा मी हट्ट धरला. त्यामागे काही हुशारी नव्हती, जुन्या नोकरीची सवय होती. खाली सही केली आणि मान खाली घालून घरी आलो.

पत्नीने विचारले, “काय झालं?”

“भट्टी गार निघाली. सकाळीच बंद केली म्हणे.”

ती तीळ भाजत होती. हातातले उलथणे तसेच राहिले. “सकाळी? अहो, आठवडा लागतो म्हनला व्हता ना त्यो, पेढे वाटताना?” तिने कढई उतरवून ठेवली. मग म्हणाली, “म्हंजे मला बरं वाटलं ते औषधानं न्हाई.”

तेव्हापासून मी प्रत्येकाकडे संशयाने पाहतो. मला तपासणी कळली ती आदल्या संध्याकाळी. भट्टीला ती आठवडाभर आधी कळली होती; ती कळवणारा तोच माझा चौथा मनुष्य. तारीख ठाऊक होती ती अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला, आणि ज्यांना आगाऊ पत्र जाते त्या आमच्या ग्रामपंचायतीला. सरपंचांना घरी जाऊन विचारले, तर त्यांनी चहा मागवला. पुन्हा विचारले, तर म्हणाले, “काका, कशापायी जिवाला तरास करून घेता? वहिनींला लेकीकडं धाडा की चार महिने. हवाबदल व्हईल.” डॉक्टरांचे बोलणे आम्ही दोघांनी गावात कोणालाही सांगितलेले नव्हते. डॉक्टर सांगणार नाहीत. मग हवाबदलाचा सल्ला यांना कोणी सुचवला?

अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर पुन्हा साय धरू लागली आहे. काल पत्नीने स्वतःच ट्रंक काढली. लातूरहून जावई रविवारी न्यायला येणार आहेत. तिने तुळशीची पाने एकेक करून ओल्या फडक्याने पुसली आणि मला बजावले, “रोज पुसत जा.”

सरपंच, प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत अध्यक्षस्थानी आपण असाल. तेथे ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, सर्व ग्रामस्थांना ऐकू जाईल असे सांगा : तपासणीची तारीख आपल्याला कोणत्या दिवशी कळली, आणि आपण ती कोणाला सांगितली? चहा नको. उत्तर द्या.