बाबांचा सिपना नदीचा नकाशा

बाबांना माझं नाव आठवत नाही, पण सिपना नदी कुठे वळते ते आठवतं. परतवाड्याला जंगलखात्यात मोजणीच्या कामावर त्यांची उभी नोकरी गेली. त्या काळातला मेळघाटाचा नकाशा, मागून मांजरपाट चिकटवलेला, आता अकोल्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर असतो. डोंगरांच्या तपकिरी रेषा, मधून निळी सिपना, आणि वस्ती म्हणाल तर कुठेतरी एखादा ठिपका.

जंगलात नकाशा कधी पूर्ण उघडायचा नाही, ही त्यांची शिस्त. आज चालायचं तेवढाच चौकोन वर, बाकी सगळं घडीत. रोज संध्याकाळी मी तसा एक चौकोन समोर ठेवायचे. त्यांचं बोट नदीकाठानं चालायचं, मध्येच थांबायचं. "आला मुक्काम," म्हणायचे आणि मगच जेवायचे. भाजी गार व्हायची, मी वैतागायचे, पण त्यांच्या पोटात दोन घास जायचे.

दिवाळीत दादा पुण्याहून आला. नकाशा फाटत चाललाय म्हणून परस्पर लॅमिनेशन करून आणला. "आता पिढ्यान्‌पिढ्या टिकेल," म्हणाला आणि गाडीत बसून गेला. पिढ्यांचं त्याला सुचतं. मला इथं उद्याचं जेवण निभवायचं असतं.

तो कडक पत्रा काही घडीत बसेना. अख्खा मेळघाट एकदम समोर आला तसे बाबा घाबरले. "एवढं मोठं? मी कुठी हाओ याच्यात?" ताट सरकवून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या-चौथ्याही. डॉक्टर नाकातून नळी घालायचं बोलू लागले. दादाला फोन केला तर म्हणे, "भूक लागली की खातील." "तुले काय जातं बोलाले," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. भांडायचंही त्राण नव्हतं.

त्या संध्याकाळी घरातले टॉवेल गोळा केले आणि नकाशा झाकत गेले. नदीच्या वळणाचा तेवढा चौकोन उघडा ठेवला. "चला बाबा, निघायचं?" माझा आवाज मलाच मेलेला वाटला. बोट हललं, काठाकाठानं सरकलं, थांबलं. मी घास पुढे केला, त्यांनी तो खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग माझा हात धरून त्या चौकोनात ठेवला.

"तू बी लय थकली दिसतं, बाई. टेक इथंच. उद्या जाऊ."

मी टेबलावर डोकं टेकलं.