न्हाणीघराचे दार

रविवार, अकरा मे. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी तेरच्या आमच्या घरातील न्हाणीघराचे दार अर्धा इंच कापावयास घेतले. नव्या फरशीला घासून ते मिटत नव्हते, आणि दुपारी आमच्याच जिल्ह्यातील वाशीहून नवे व्याही प्रथमच मुक्कामास यावयाचे होते. मुलीच्या सासऱ्यांपुढे न मिटणारे न्हाणीघर! घराण्याची अब्रू अर्ध्या इंचात अडकली होती.

"अहो, रशीदभाईंना हाक मारा की," पत्नी म्हणाली.

रशीदभाई शेजारचे सुतार. परंतु मी छत्तीस वर्षे भूमिती शिकविली आहे. शिवाय मुलाने पुण्याहून गोल पात्याची विजेची करवत पाठविली होती, आणि तिला सरळ धावविणारी ॲल्युमिनियमची लांब पट्टी. पट्टी रेषेवर आवळावी, करवत तिच्यावरून ढकलावी, चूक अशक्य. (माहितीपुस्तिका मी वाचली नाही. पुस्तक वाचण्याची सूचना आजवर मी इतरांना करीत आलो आहे.)

हाक न मारताच रशीदभाई आले. पट्टीला दोन कडा होत्या: एक साधी, एक काळ्या रबराची. साधी कड पेन्सिलीच्या रेषेवर ठेवून मी क्लॅम्प आवळले.

"गुरुजी, पातं रबराच्या कडंनं चालतंय. ती कड रेषंवर पायजे न्हाय का?"

"रबर हाताला खरचटू नये म्हणून असते, रशीदभाई."

"तुम्ही म्हणता तर असंल," म्हणून ते चार पावले मागे सरकले.

करवत गरजली. मी गुण्या लावून पाहिला. निर्दोष! मग पायाशी पडलेला तुकडा पाहिला. वीतभर रुंद!

"लई सरळ कापलं, गुरुजी," रशीदभाई गंभीरपणे म्हणाले. "फकस्त जागा चुकली."

पत्नी धावत आली. "दार मिटतंय का आता?"

"मिटते."

"आन् आतलं दिसतंय किती?"

"घोट्याच्या वरपर्यंत."

आम्ही दार बसविले. तो तुकडा परत जोडण्यासाठी रशीदभाई स्क्रू आणावयास निघाले, तोच अंगणात मोटारसायकल थांबली. दुपारचे व्याही सकाळी दहालाच! नखशिखान्त धुळीने माखलेले.

"गुरुजी, च्या मागनं. आधी आंघूळ!"

नाही कसे म्हणावे? ते आत गेले, दार मिटले. समोरच्या बैठकीत आम्ही तिघे बंद पंख्याकडे एकाग्रतेने पाहत बसलो. फटीत दोन पाय साबण लावून घेत होते.

एवढ्यात आतून "अरारा!" असा उद्गार आला आणि साबणाची वडी सुळकन बाहेर येऊन माझ्या पुढ्यात थांबली. मागोमाग एक ओला हात फरशी चाचपू लागला.

"गुरुजी, साबण तिकडं आलाय व्हय?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. रशीदभाईंनी खांद्यावरच्या रुमालात तोंड लपविले.

मी गुडघे टेकले, नेम धरला आणि वडी आत ढकलली. पट्टी नसताना ती नेमक्या जागी गेली.