छतावरची वीज आणि पोलवरचा माणूस

आमचे हे लाइनमन म्हणून रिटायर झाले आणि वर्षभरातच माझी बदली झाली. मी आरोग्यसेविका. घर आलापल्लीत, आणि बदली एटापल्लीच्या रस्त्यानं आत जंगलात, अठरा किलोमीटरवरच्या उपकेंद्रात. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी साफ सांगितलं, सोमवारी सकाळी आठला रुजू व्हा, घरून जाणं-येणं जमत असेल तर करा, पण एकदा जरी उशीर झाला तर बिस्तरा घेऊन क्वार्टरवर राहायला यायचं. म्हणजे तीस वर्षं वादळ आलं की हा माणूस घराबाहेर, आणि आता तो घरी बसला तर मी बाहेर. नोकरीची पाच वर्षं उरली होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते, तशी भांडले.

एसटी तिकडे दुपारी जाते. मोटरसायकलवर मागं बसावं तर माझ्या मणक्यात गॅप आहे. पेट्रोलची गाडी रोज पळवायची तर पगार तिच्याच पोटात जाणार. तेव्हा हे म्हणाले, विजेची गाडी घेऊ. मी म्हटलं, वीज काय माझ्या सासऱ्यांनी गाठोड्यात बांधून ठेवली आहे तुमच्यासाठी? तर म्हणतात कसे, आपल्या दुपारची आहे ना.

छतावर सोलरच्या प्लेटा आम्ही आधीच बसवल्या होत्या. दुपारी घरात लागून लागून किती लागणार, एक कूलर आणि फ्रिज. बाकीची सगळी वीज लाइनवर बाहेर जायची. ती उरलेली वीज गाडीत घालायची, असं यांच्या डोक्यात. त्यासाठी यांनी शोधून शोधून असा चार्जर आणवला की जो आधी घराला खाऊ देतो आणि उरेल तेवढीच गाडीला घालतो. मी मिक्सर लावला की गाडी हळू खाते, ढग आला की थांबते. रविवारी दिवसभर गाडी दारात उभी राहिली की आठवड्याचं बहुतेक निभतं, असा यांचा हिशोब.

चंद्रपूरहून फिटर आला, चार्जर भिंतीला लावला, आणि लागला लाल दिवा. फिटर म्हणाला मशीन खराब, आठ दिवस लागतील. हे उकिडवे बसले, टेस्टर लावला, इथं तिथं हात फिरवला आणि म्हणाले, मशीन चांगली आहे, अर्थिंग नावालाच आहे. आमच्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात कंबरभर खोल खणलं तरी ओल सापडत नाही, आणि ओल नसली की अर्थिंग धरत नाही. यांनी फिटरला चहा पाजून रवाना केलं आणि स्वतः सब्बल घेतली. दोन दिवस खड्डा खणला, पाइप उभा केला, थरावर थर कोळसा आणि मीठ भरलं, वर माझ्या भांडी घासायच्या मोरीचं पाणी त्या खड्ड्याकडे वळवलं. लोखंडाचं झाड लावता का म्हणून मी हसत होते. शनिवारी तीन वाजता दिवा हिरवा झाला. हे हात पुसत नुसते उभे राहिले. चंद्रपूरच्या माणसाला जे कळलं नाही ते माझ्या घरातल्या रिटायर माणसाला कळलं, याचा मला इतका अभिमान वाटला, पण तोंडावर बोलले नाही. लगेच डोक्यावर बसतात.

गाडी चंद्रपूरहून आपल्या पायांनी आली होती, त्यामुळे पोट रिकामं. शनिवारी जेमतेम दोन घास खाल्ले आणि आभाळ काळं झालं. असं वादळ आलं की ऐनाची एक मोठी फांदी आमच्या गल्लीच्या तारांवर पडली. लाइन गेली.

रविवारी सकाळी ऊन काय कडक पडलं होतं. मी निवांत. सूर्य आपला, छत आपलं, लाइनशी आपलं काय देणंघेणं? नऊ वाजता बघते तर चार्जर मेलेला. वर प्लेटा चकाकून राहिल्या आणि खाली डबा गप्प. हे म्हणाले, लाइन गेली की हेही आपोआप बंद होतं, तसंच बनवलेलं असतं, म्हणजे आपली वीज उलटी तारेत जात नाही. बॅटरीवालं महाग म्हणून आम्ही घेतलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे आधी सांगायला काय झालं होतं? गाडीचा काटा तळाशी, दहा किलोमीटर गेली असती तर नशीब. आणि उद्या सोमवार.

शेजारी धानगिरणीवाले भाऊ आहेत, त्यांच्याकडे जनरेटर. ते कुंपणावरून म्हणाले, बाई, सोपं आहे, मेन स्विच पाडायचा, जनरेटर लावायचा, तुमच्या सोलरला वाटेल लाइन आली, आणि ते सुरू होईल. हे तेव्हा भाजीला गेले होते. मी म्हटलं, आणा. हातगाडीवर जनरेटर आला, अर्धी वायर आत गेली, तेवढ्यात हे आले. पिशवी खाली ठेवली. आवाज चढवायची यांची रीतच नाही. वायर ओढून काढली, कोपराला गुंडाळली आणि भाऊंच्या हातात परत दिली.

मेन बंद आहे ना, मी ओरडले.

"मेन बंद हाये हे तुले माहीत हाये," हे म्हणाले. "पोलवाल्याले नाई."

मग मी दिवसभराचं बोलून घेतलं. बायकोपेक्षा तार प्यारी, मला जंगलात पाठवून तुम्ही खुशाल प्लेटा पुसत बसा, सगळं बोलले. यांनी ऐकून घेतलं आणि वांगी चिरायला बसले.

बाराच्या सुमारास मोठी लाइन जोडून दोघं लाइनमन आमच्या गल्लीत आले. हे म्हणाले, त्यांना ताक-भाकर दे. दिली बांधून, आणि घेऊन मीच पुढं निघाले. खरं सांगायचं तर एवढा उशीर काऊन केला म्हणून त्यांना झाडायचं होतं मला.

एक जण खाली दोर धरून, दुसरा पोलवर. तीस वर्षं लाइनमनची बायको म्हणून काढली, पण पोलवर चढलेला माणूस इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. लोखंड इतकं तापलेलं की तो पाय बदलत होता. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारांवर त्यानं अर्थिंगची साखळी टाकली होती, तरी खात्री करून राहिला होता. हातमोज्यात गाठ बसेना, म्हणून दातानं ओढून त्यानं मोजा काढला. यांना पाहून जयभीम भाऊ म्हणाला. मग त्याची नजर आमच्या छतावर गेली. गल्लीत प्लेटा फक्त आमच्याच. समोर मी उभी होते, म्हणून त्यानं मलाच विचारलं.

"बाई, तुमच्या घरची वीज बंद हाये ना?"

हे माझ्या बाजूलाच होते, माझ्याकडे पाहत.

"बंद हाये," मी म्हटलं. "कायबी चालू नाई."

तो बरं म्हणाला आणि उघड्या हातानं तार धरली.

घरात येऊन पाहिलं नाही, दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी कोण, कशी, खरं बोलते का खोटं, त्याला काय माहीत होतं? आणि मी तर सकाळीच जनरेटर दारात आणून ठेवला होता. मला इतकी लाज वाटली की ताकाचा डबा खाली ठेवून मी तिथंच सावलीत बसले. झाडायचं राहूनच गेलं.

दीडला लाइन आली आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. ऊन उतरेपर्यंत गाडी खात राहिली. तिला जास्त मिळावं म्हणून मी कूलर बंद करायला गेले, तर यांनी करू दिला नाही. सोमवारी मी पावणेआठला उपकेंद्रात होते, हे सांगून टाकते. आजही घरूनच जाते. संध्याकाळी आम्ही दोघं एका ताटलीत भजी घेऊन ओट्यावर बसतो, आणि गिरणीवाले भाऊ आम्हाला हसतात.

पण त्या रविवारी संध्याकाळी हे गाडीची केबल गुंडाळत होते, तेव्हा मी विचारलं, तुम्हीही असंच विचारायचे का लोकांना? म्हणाले, हो, दर वेळी. मी म्हटलं, आणि सगळे खरं सांगायचे?

यांनी केबल खिळ्याला टांगली, नीट केली.

"एकानं खोटं सांगतलं होतं," हे म्हणाले. "मी खाली दोर धरून होतो."

वर कोण होतं ते मला विचारावं लागलं नाही. यांचा जोडीदार पोलवरून पडून वारला, तेव्हा तीन दिवस त्याच्या घरी मीच भात-वरण करून नेलं होतं, त्याच्या बायकोजवळ बसले होते. यांनी मला तेव्हा सांगितलं होतं, पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर मी यांना पुन्हा कधी लाइनवर जाऊ दिलं नसतं.