शाकाहारी सत्य

माझ्या भाच्यानं ‘सत्य’ या विषयावर पीएचडी करायला घेतली आणि मुक्काम ठोकला आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. तिथं लोळत लोळत तो मला शिकवायचा. एक मत म्हणे, बोलणं वस्तुस्थितीशी जुळलं की ते खरं. दुसरं, आपल्याच बाकीच्या बोलण्याशी जुळलं की पुरे. तिसरं, ज्यानं काम भागतं ते खरं. चौथ्या पंथाचे लोक तर सांगतात की ‘खरं’ हा शब्दच फालतू आहे. एवढी वर्षं ऑफिसात फायली ढकलताना मी हे चारही पंथ एकाच पानावर पाळत आलोय, पण मला कुणी फेलोशिप दिली नाही.

भाच्याचं स्वतःचं म्हणणं आणखी थोर. सत्याला स्वतःची अशी किंमतच नसते; उपयोग असेल तेवढीच. यावर त्यानं पेपर वाचला होता. टाळ्याही पडल्या म्हणे. बिनकामाच्या लोकांचे हात तसे मोकळेच असतात.

"ह्याला आज खोली बघून द्या," एका रविवारी बायको म्हणाली. "नाहीतर दिवाण त्याच्या नावावर करा, मी चालले पुण्याला."

मुनिरक्यात एक खोली रिकामी होती. घरमालकीण, एक हरयाणवी म्हातारी, खाटेवर मटार सोलत बसली होती. तिनं भाच्याला खालून वर न्याहाळलं. "मांस-मच्छी तो ना खाते?"

"बिल्कुल नहीं जी! शुद्ध शाकाहारी," मी तत्परतेनं म्हणालो. आदल्याच दिवशी या शाकाहाऱ्यानं माझ्याही वाटची सुरमई संपवली होती.

"मतलब आंटी," भाचा म्हणाला, "खाने का अर्थ अगर..."

"हाँ के ना?"

"हाँ. खाता हूँ."

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "छोरा ठीक सै," ती मला म्हणाली, "पर मच्छी ना चालै. अर आप जी, इस उमर में झूठ!"

गल्लीत येताच मी उखडलो. "काय रे, किंमत नसते ना सत्याला? पेपर वाचलास ना?"

"मामा, तो पेपर होता."

"आणि हे?"

"इथं राहायचं होतं. मासे तळले की जिन्यात वास येणारच ना!"

म्हणजे एवढा अभ्यास करून पठ्ठ्याला कळलं होतं, की मासळीला वास येतो.

दारातच बायकोनं विचारलं, "मिळाली?"

म्हातारीनं मला खोटारडा ठरवलं हे कोणत्या तोंडानं सांगणार? "खोलीला फार ओल होती," मी म्हणालो.

"हो ना मामी, भिंती नुसत्या पाझरत होत्या," म्हणत भाचा दिवाणावर आडवा झाला. "आज जेवायला काय केलंय?"

बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पुढच्या रविवारी मी येते बरोबर," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही."