आयसाठी ऊबदार केलेलं पोस्ट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला भोळा म्हणायला नको. मी भगताशी भर चावडीत भांडलेला माणूस आहे. मुद्दाम अमावस्येला प्रवासाला निघणारा, लोक ज्या पिंपळाला भितात त्याखाली बसून भाकरी खाणारा. करणी, अंगात येणं, सगळं थोतांड... हे चौथीच्या पोरांना मी फळ्यावर लिहून शिकवलंय. तरी आज हे लिहितोय. वय झालं, आणि हे पोटात ठेवून मरवत नाही.

साल चव्वेचाळीस, लढाई चालू होती. कडेगावपासून तीन कोसांवर आमचं गाव. मी तिथं शाळामास्तर, आणि गावचं पोस्टही माझ्याकडंच. त्या काळी लहान गावात पोस्टाला वेगळी इमारत कुठली? आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच पोस्ट ऑफिस. उत्तरेला तोंड, काळ्या दगडाची फरशी, जाळीची एक खिडकी. एक टेबल, एक स्टूल, टपालाची पत्र्याची पेटी... बस्स. गावातला घरटी एक माणूस पलटणीत. त्यांच्या बायका, आया पत्र वाचून घ्यायला यायच्या आणि त्या बर्फासारख्या फरशीवर पदर आवळून बसायच्या.

माझा धाकटा भाऊ सदा, तोही पलटणीत. ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. पाच महिने झाले, पत्र नाही. आमची आय रोज टपालाच्या वेळेला हातातलं काम टाकून फरशीवर येऊन बसायची. खोकल्यानं बेजार होती, जेवण तुटलं होतं, पण उठायची नाही. "आलं का रं, मास्तर?" चिडवायला म्हणून ती मला मास्तरच म्हणायची.

मार्गशीर्षातली सकाळ होती. डाक आणणाऱ्या धोंडीबानं पिशवी टेबलावर टाकली. आत माझ्या नावाचा लांब सरकारी लिफाफा. इंग्रजीत टाइप केलेल्या तीन ओळी. सदा लढाईत पडला होता. तीन ओळी वाचायला असा कितीसा वेळ लागतो? मी वाचतच राहिलो.

"कुणाचं रं?" आय म्हणाली.

"शाळंचं हाय. टाइमटेबल."

टाइमटेबल! जीभ झडली कशी नाही माझी!

आमच्याकडं एक रीत आहे. मयताचं पत्र घरात आणत नाहीत. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, अंगावर पाणी घ्यायचं, मग घरात. जुनी माणसं म्हणायची, घरात वाचलं की गेलेल्याला ते घर कायमचं बंद होतं. मी हसायचो या रीतीला. म्हणायचो, माझ्या पोस्टात असली कार्डं पेटीभर पडून असतात, माझं कुठं छप्पर उडालं? पण तो लिफाफा काही माझ्यानं पेटीत ठेववेना. गोठ्याच्या आढ्यात, वैरणीच्या मागं खोचला. एकट्यानं. बायकोलासुद्धा बोललो नाही.

सांगायचं तर होतंच. पण कसं सांगू? मागच्या साली त्याच खोलीत एका बाईला मी असलंच पत्र वाचून दाखवलं होतं. ती बसल्या जागी कलंडली आणि तिचं कपाळ दगडावर आपटलं. तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. मला वाटलं, आयला हे ऐकायचंच आहे, तर निदान जिथं ऐकायचं ती जागा तरी मऊ, ऊबदार असावी. वेड्याचा विचार आहे, मलाही कळतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना... माझी काडी ती होती.

लागलो कामाला. फरशीवर वीतभर मुरूम टाकून चोपला, वर सारवण. भिंतींचा कळकट चुना खरवडून मऊ पिवळी माती लावली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वर जुन्या लुगड्याचा पडदा. टेबल दारातून हलवून आत घेतलं. सुताराकडून पाठ टेकायला येईल असा बाक करून घेतला. एका धनगराची पत्रं मी नेहमी वाचून द्यायचो, त्यानं आटपाडीकडचं जाड काळं घोंगडं आणून दिलं, ते बाकावर चौपदरी घातलं. कोपऱ्यात शेगडी.

"आवं, ह्ये पोस्ट हाय का नव्या नवरीची खोली?" माझी बायको हौसा म्हणाली. "पाटी तेवढी लावा भाईर, 'या, निजा'."

मी हसलो. हसावं लागलं. सारवण वाळू दे, मग सांगू. बाक येऊ दे, मग सांगू. शेगडीला चांगला कोळसा मिळू दे... पंधरा दिवस गेले! सगळं झालं तरी मी दाराला तेल घालत बसलो होतो.

आय बाकाच्या एका टोकाला बसायला लागली. तिसऱ्या का चौथ्या सकाळी मी कुलूप काढलं, ती आत आली, बसली आणि शेजारी हात टेकला.

"हितं कोण बसून उठलं रं?"

"कोण बसंल? आत्ता तर दार उघडलं."

"मग हात लावून बघ की."

लावला. घोंगडं गरम होतं. शेगडीची धग असते तसं नाही. माणूस बराच वेळ बसून उठला की राहते, तशी ऊब. एका माणसापुरती. वीतभर पलीकडं घोंगडं गारढोण.

मांजर, दुसरं काय! मी मांजर सोप्यात बांधून घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊब. भिंतीपलीकडं चूल आहे म्हणून बाक समोरच्या भिंतीला नेला. तरी ऊब. शेगडी बाहेर काढली, घोंगडं झटकून उलटं घातलं, कुलूप लावून किल्ली कडदोऱ्याला बांधली. सकाळी उघडलं... तीच जागा, तेवढीच ऊब. हौसाला हात लावायला सांगितला. तिनं लावला आणि हात पदराला पुसत निघून गेली.

आणि आय? आय सुधारली हो! भाकरी मागून खायला लागली. खोकला उतरला. पत्र आलं का म्हणून विचारायची थांबली. बाकावर बसून शेजारच्या जागेशी हळू आवाजात बोलायची, यंदाच्या शाळूचं, पाडीचं, कुणाचं लगीन ठरलं त्याचं. मधेच हसायची. मी टेबलाशी कार्डांवर ठसे मारत बसायचो आणि मनात ओरडायचो, अगं तो गेला, आय, तो गेलाय! सांगितलं तर ती मरते, नाही सांगितलं तर मी. माझं वजन उतरलं, शाळेत पोरांवर विनाकारण हात उगारायला लागलो. असले दिवस वैऱ्याच्या वाट्याला येऊ नयेत.

मग एका सकाळी टपाल वाटून झालं, खोलीत आम्ही दोघंच होतो. आय म्हणाली, "मास्तर, त्ये गोठ्यातलं काढ आता."

माझ्या हातातला ठसा खाली पडला. "काय गोठ्यातलं?"

"आढ्यात खोचलंयस त्ये. किती दिस एकटाच वागवणार? तुझी दशा बघवंना झालीय."

"तुला कुणी सांगितलं?"

तिनं शेजारच्या जागेवरून नुसता हात फिरवला. झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मी जाऊन लिफाफा आणला. ती उठून दाराकडं निघाली होती. "घरात नगं वाचूस. अंगणात चल."

आणि इथं मी चुकलो. शिकलेला ना मी! आयुष्यभर ज्या रीतीला हसलो, ती पाळायची? शिवाय मनात एकच... एवढी खोली कुणासाठी केली? हिला त्या बोचऱ्या वाऱ्यात उभी करून हे ऐकवू?

"भाईर गारठा हाय, आय. हितंच बस."

"आरं, ऐक माजं..."

"बस म्हणतो ना!" मी ओरडलो. आईवर ओरडलो. ती बसली.

मी वाचलं. इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. पहिली ओळ झाली. दुसरीत सदाचं नाव आलं आणि पुढचं माझ्यानं वाचवेना. मी तिच्या पायाशी बसून पोरासारखा रडलो. ती नाही रडली. एक हात माझ्या डोक्यावर होता. दुसरा शेजारच्या घोंगड्यावर. थोड्या वेळानं तिनं तो हात उचलला आणि पदराखाली घेतला, गार लागल्यासारखा.

मी हात घालून बघितलं. गारढोण.

ती ऊब पुन्हा कधी आली नाही. आय त्यानंतर नऊ वर्षं जगली, पण त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मला दोष दिला नाही, रागावली नाही. एकदाच, भाकरी थापता थापता, पाठमोरी असताना म्हणाली, "भाईर वाचलं असतंस, तर बसला असता आणखी थोडा."

 

घोंगडं कशानं तापत होतं, आढ्यातल्या लिफाफ्याचं आयला कसं कळलं, ते आजही मला सांगता येत नाही. लिफाफा खोचताना तिनं बघितलं असेल, आईचं लक्ष असतंच, असं मी स्वतःला सांगत आलोय. उबेसाठी मात्र कारण सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला शास्त्रीय उत्तर माहीत असेल तर कृपा करून कळवा, कितीही लंगडं असलं तरी चालेल. फक्त ते सगळं खरंच होतं, असं तेवढं लिहू नका. कारण ते खरं असेल, तर एवढ्या लांबून घरी आलेल्या माझ्या भावाला मीच बाहेर घालवलं.