घोट्याचं माप

टेपकाकूंचं खरं नाव त्यांच्या नवऱ्याला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. गळ्यात मापाची टेप, कानामागे पेन्सिल आणि ओठांत दोन टाचण्या, त्यामुळे काकूंचं निम्मं बोलणं दातांच्या फटीतूनच बाहेर येतं. जिन्याखालच्या खोलीत त्या एकतीस वर्षं शिवत बसल्या आहेत, आणि तेही पायाच्या मशीनवर. मोटर बसवून घ्या असं कोणी सुचवलं की म्हणतात, "मोटरला थांबायचं कुठे ते कळत नाही. माझ्या पायाला कळतं."

तर त्याच पायांनी दगा दिला.

सकाळी त्यातल्या त्यात बरे असायचे. दुपारनंतर घोटे असे फुगायचे की चपलेचा पट्टा बसेना. मोज्याची किनार कातडीत रुतून बसायची, आणि बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि पाहुण्यासारखा निवांत मुक्काम करायचा. पायपट्टी दाबताना पायाला शिसं बांधल्यासारखं वाटायचं. टीप वाकडी जायला लागली. शाळेतल्या मास्तरांच्या पँटची एक शिवण तर अशी गेली की तिला कुठे पोचायचंय हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

नणंदेचा फोन रोज ठरलेला. "वहिनी, मीठ बंद करा." बंद केलं. "वहिनी, पाणी कमी प्या." कमी केलं. आठवड्याने पुन्हा फोन. "वहिनी, पाणी भरपूर प्या हं, सगळं धुऊन निघतं."

"वन्सं, एक काय ते ठरवा. भरू की रिकामी करू?"

"घ्या. भल्याचं सांगायला जावं तर हे असं."

नवरा पेपरमागून म्हणाला, "वय झालं गं तुझं."

"तुमचंही झालंय. तुमचे पाय बघा, छत्रीच्या दांड्यासारखे आहेत."

पेपर जरा वर सरकला.

मग डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिले घराजवळचे, चार महिन्यांपूर्वी काकूंना ब्लड प्रेशरची गोळी सुरू करून देणारे. या डॉक्टरांकडे तीन प्रकारचे 'हं' आहेत. आखूड हं म्हणजे ऐकलं. लांब हं म्हणजे ऐकलं नाही. आणि नाकातून येणारा हं म्हणजे आता उठा. काकूंना पहिल्या भेटीत दोन लांब आणि एक नाकातला मिळाला, शिवाय हृदयवाल्यांच्या नावाची चिठ्ठी.

हृदयवाले काकूंशी बोललेच नाहीत, समोरच्या स्क्रीनशी बोलले. "पेशंटला दम लागतो का?" त्यांनी स्क्रीनला विचारलं. स्क्रीन गप्प, म्हणून काकूच म्हणाल्या, "नाही लागत." मग पोटावर, छातीवर गार जेली, मग लघवीची तपासणी, रक्ताची तपासणी. सगळं झाल्यावर ते स्क्रीनला म्हणाले, "रिपोर्ट एकदम नॉर्मल. अभिनंदन."

"अहो, पण पाय?"

"पाय आमच्याकडे नसतात."

पाय ज्यांच्याकडे असतात ते शिरांचे डॉक्टर फार गोड बोलायचे, आणि सगळं 'आपण' लावून. "आपण काय करतो? आपण दिवसभर एका जागी बसतो. आपण पाय हलवत राहतो. मग आपल्याला सूज येणारच ना?" शिरा तपासल्या, त्या ठीक निघाल्या. तरीही ते हसून म्हणाले, "तर आपण आता मशीन सोडूया."

"आपण म्हणजे कोण? मशीन माझं एकटीचं आहे."

"काकू, पाय महत्त्वाचे की मशीन?"

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: शिवणकाम पूर्ण बंद. काकू रिक्षात बसल्या तो कागद हातात धरून. मशीन सोडायचं, म्हणजे मग दिवसभर करायचं काय? गळ्यातली टेप काढून ठेवायची कुठे?

त्या दुपारी त्यांनी चिडून प्रेशरच्या गोळ्यांचं खोकं उघडलं. आत नकाशासारखा घड्या घातलेला कागद होता. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. सुईत दोरा ओवायचं भिंग लावून काकू वाचत गेल्या. गोळीचे दुष्परिणाम: डोकेदुखी, चेहरा लाल होणे, आणि त्याच्या खालच्याच ओळीत, घोट्यांना सूज.

"अहो ऐकलंत का," त्या म्हणाल्या. "मी सगळीकडची दारं ठोठावत फिरले, आणि हे आपल्याच कपाटात घडी घालून बसलं होतं."

घराजवळच्या डॉक्टरांनी कागद वाचला नाही. "असल्या कागदावर सगळंच लिहिलेलं असतं. ती गोळी मी स्वतः घेतो, दोन वर्षं. मला झालंय का काही?"

"मग मी बंद करून बघू?"

"मनाने बंद करायची नाही. प्रेशर चढलं तर पाय राहतील आणि डोकं जाईल." आणि नाकातून, "हं."

डोक्याचं काकूंना पटलं. गोळी बंद केली नाही. पण उठताना त्यांच्या मनात मापाचं रजिस्टर आलं. त्यात गिऱ्हाइकांची मापं तारखेसकट असतात, आणि दोन वर्षांपूर्वी काकूंनी स्वतःसाठी पायाशी घट्ट असा पायजमा शिवला होता, त्याचंही माप होतं. घोटा, साडेनऊ इंच. त्याखाली त्या आता रोज सकाळ-संध्याकाळ लिहू लागल्या. सकाळी साडेदहा. संध्याकाळी साडेअकरा. पंधरा दिवस असं लिहून, एका संध्याकाळी रजिस्टर काखेत मारून त्या पुन्हा दवाखान्यात हजर.

डॉक्टरांनी पान पाहिलं. आखूड हं आला, म्हणजे ऐकलं होतं. काकूंना हुरूप आला. "टेप द्या बघू," ते म्हणाले, आणि खुर्चीवरून वाकून त्यांनी स्वतः घोटा मोजला. "अकरा."

"साडेअकरा असणार."

"अकरा आहे. बघा की. काल साडेअकरा, परवा साडेअकरा, आणि मी मोजला की अकरा. अशा चुकीच्या आकड्यांवर मी गोळी बदलू?" त्यांनी रजिस्टर मिटलं.

एकतीस वर्षांत काकूंच्या मापाला कोणी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी टेप ओढून घेतली, मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं, अकराच. आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला.

शिवणाऱ्याचा हात असा असतो की टेपवर जे दिसतं ते तो लिहीतच नाही. अंगाला कापड चिकटू नये म्हणून अर्धा इंच सैल धरायचा, आणि तो लिहितानाच वाढवायचा. काकूंच्या हाताने पंधरा दिवस इमानेइतबारे तेच केलं होतं. सुजेलाही श्वास घ्यायला जागा सोडली होती.

"डॉक्टर, उघडा ते रजिस्टर."

"काकू, बाहेर पेशंट आहेत."

"मीही पेशंटच आहे. उघडा. मी प्रत्येक मापात अर्धा इंच सैल धरते. पायजम्याच्या मापातही धरलाय, तेव्हा तर मी आजारी नव्हते. ते साडेनऊ म्हणजे खरे नऊ. हे साडेअकरा म्हणजे खरे अकरा, तुम्हीच मोजलेत. दोन्हीकडून अर्धा काढा, फरक किती राहतो?"

डॉक्टर बोटांवर काहीतरी करत राहिले. "दोन इंच."

"आणि मध्ये काय बदललं? मशीन तेच, खुर्ची तीच, नवरा तोच. गोळी तेवढी नवी."

या वेळी जो हं आला तो काकूंनी पूर्वी ऐकला नव्हता. तो घशात सुरू झाला आणि तिथेच अडकला. डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली. "दोन आठवड्यांनी या. मध्ये प्रेशर तपासत राहा."

दोन आठवड्यांत चपलेचा पट्टा बसला. मास्तरांची पँट उसवून पुन्हा शिवली, टीप ओळंब्यासारखी सरळ गेली. 'शिवणकाम पूर्ण बंद'चा कागद चांगला जाड होता, त्यातून काकूंनी कॉलरचा नमुना कापला.

डॉक्टरांनी घोटा मोजला. सव्वानऊ. प्रेशरही जागेवर होतं. "छान," ते म्हणाले. "अर्थात, योगायोगही असू शकतो."

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. इतके दिवस त्यांचं वय दोषी होतं, मीठ दोषी होतं, मशीन तर फासावरच चाललं होतं. गोळी एकटी सापडली, तर तो योगायोग. चिडून त्या चपलेचा पट्टा लावायला खाली वाकल्या, आणि टेबलाखाली त्यांना डॉक्टरांचे बूट दिसले. नाड्या पार सोडलेल्या. मोज्याची किनार कातडीत रुतलेली, वर फुगवटा.

काकू सावकाश उठल्या. गळ्यातली टेप काढली.

"डॉक्टर, पाय पुढे करा."

"कशाला?"

"दोन वर्षं घेताय ना ती गोळी?"

खुर्ची मागे सरकली आणि एक पाय टेबलाबाहेर आला. काकूंनी टेप फिरवली, कानामागची पेन्सिल काढली, आपल्या मापाखाली नवी ओळ आखली आणि लिहिलं.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पावणेबारा."

"ते अर्धा इंच धरून ना?"

"नाही," काकू म्हणाल्या. "न धरता."