पाठ टेकवायला शिकताना

माझ्या भाच्याला मी पंधरा वर्षं एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली: काय वाट्टेल ते होऊ दे, पाठ मातीला लागता कामा नये. खाली गेलास तर पालथा हो, पोट जमिनीला चिकटव, हातपाय पसर आणि वरच्याला दमव. वरवंडच्या आमच्या तालमीत हा पहिला धडा. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की खेळ खलास, म्हणून पैलवानानं झोपेतसुद्धा उताणं पडू नये, असं मी पोरांना चेष्टेनं सांगायचो. त्याच धड्यापायी एका रविवारी दुपारी, शिरूरच्या एका मंगल कार्यालयात, माझ्या डोळ्यांदेखत तो बेशुद्ध पडला.

भाचा मूळ दौंडचा. बहीण तिथं रेल्वे कॉलनीत दिलेली. मेहुणे कायम गाडीवर, पोरगं हाताबाहेर जायला नको म्हणून तिनं त्याला बारा वर्षांचा असताना माझ्याकडं आणून सोडलं. कुस्तीच्या जोरावर तो पुढं रेल्वेतच चिकटला. आता सत्तावीस वर्षांचा आहे. दोनेक वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी तो शिरूरला एका पत्र्याच्या शेडमध्ये जायला लागला. तिथं एमएमए शिकवतात. लाथा, बुक्क्या, कुस्ती, गळा आवळणं, हात पिरगाळणं, सगळं एकाच खेळात. मला कळलं तेव्हा माझा पारा चढला. "ही कुस्ती न्हाई, भांडान हाय," मी म्हणालो. तो नुसता हसला. पण पहिल्या दोन लढतींत त्यानं समोरच्याला पट काढून, म्हणजे वाकून त्याचे पाय ओढून, धाडदिशी आदळलं आणि जिंकला, तेव्हा मात्र माझी कॉलर ताठ झाली. शेवटी पट माझाच होता ना! तिसऱ्या लढतीला मी आपण होऊन त्याच्या कोपऱ्यात, त्याच्या कोचशेजारी जाऊन बसलो.

कोच मणिपूरकडचा, तिशीचा, बोलायला हळू. पूर्वी इकडच्याच एका कंपनीत कामाला होता. मला गुरुजी म्हणायचा. मंगल कार्यालयात मधोमध जाळीचा पिंजरा उभा केला होता आणि मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाची कागदी फुलं तशीच होती. समोरचा पुण्याचा पोरगा काटकुळा. त्याच्या पिंढऱ्या बघून मला हसू आलं होतं. दुसऱ्या फेरीत त्या काटकुळ्यानं भाच्याची लाथ हवेतच धरली आणि त्याला उताणा पाडलं.

मी उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पालथा हो! आरं, पालथा हो!" कोचनं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं, पण तोवर उशीर झाला होता. तेवढ्या गोंगाटातही भाच्यानं माझा आवाज ओळखला आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं गर्रकन पोटावर वळला. त्या पोरानं त्याच्या पाठीवर चढून हनुवटीखालून हात घातला आणि गळा आवळला. अशा वेळी हातानं दोनदा थापटलं की लढत थांबते. पण आमच्याकडं हार कबूल करायची खूणच नाही. कुस्ती एक तर चीत होते, नाहीतर बरोबरीत सोडवतात. भाच्यानं थापटलं नाही. थोड्या वेळानं त्याचे हात आपोआप सैल पडले आणि पंचानं धावत येऊन त्या पोराला बाजूला केलं.

अर्ध्या मिनिटात तो शुद्धीवर आला असेल. डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारत होते. त्यानं मला शोधलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, पाठ लागली का?"

कोचनं नंतर समजावलं, ते तोंडात मारल्यासारखं होतं. भाचा उताणा होता तेव्हा सुरक्षित होता. त्याचे पाय समोरच्याच्या कमरेभोवती होते, हात मोकळे होते. धोका पालथा झाल्यावर सुरू झाला. "गुरुजी, आपके यहाँ पीठ लगी तो हार. यहाँ पीठ दी तो हार," तो म्हणाला. म्हणजे माझ्या पोराला मीच ओरडून त्या हातात दिलं होतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. लढतीची क्लिप तिच्यापर्यंत पोचली होती आणि त्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ती रडली असती तर बरं झालं असतं. "दादा, तुझ्या भरवशावर सोडलं हाय मी त्याला," ती म्हणाली. "येक तर त्याला तिथनं सोडव, न्हाईतर तू शिकीवल्यालं त्याच्यातनं काढ. पुन्यांदा असं झालं आन् तो उठलाच न्हाई, तर मी काय करायचं?"

सोडवायचा प्रयत्न केला. ऐकेना. मग दुसरी वाट उरली.

त्या दिवसांत मी मोबाइलवर जगभरातल्या लढती पाहिल्या. रोज संध्याकाळी ओट्यावर चष्मा लावून बसायचो, बायको म्हणायची, या वयात परीक्षेला बसताय का. पाहता पाहता मला एक गोष्ट दिसायला लागली. आधी या खेळात जो तो आपापली विद्या घेऊन आला. मग खालून गळा धरणाऱ्यांनी सगळ्यांना गप्प केलं. मग आमच्यासारख्या कुस्तीवाल्यांनी सगळ्यांना पाडलं. मग बाकीच्यांनी न पडायला, आणि पडलं तर जाळीला पाठ लावून उठायला शिकून घेतलं. दर वेळी जिंकणाऱ्याला वाटलं असणार, आता खेळ आपलाच. कुस्ती मातीवरून मॅटवर आली तेव्हा आम्हालाही असंच वाटलं होतं. चार-सहा मिनिटांत कसली कुस्ती म्हणून आम्ही हसलो आणि मॅटवरच्या पोरांनी आमचे दात घशात घातले.

उद्याचा खेळ कसा असेल, असं मी एकदा कोचला विचारलं. त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी माझं मनगट धरलं. उभ्यानं एका हातानं मनगट आणि दुसऱ्यानं मान दाबून समोरच्याला दमवायचं, ही आमची मातीतली जुनी रीत. लांबलेल्या कुस्तीत लोक त्यावर ओरडायचे, "अरं, लढा की!" कोच म्हणाला, मनगट अडकलं तर माणूस बुक्की कशी मारणार? हे सगळ्यांना शिकवा. ज्या रीतीला मी स्वतः म्हातारी समजत होतो, तिच्यासाठी त्या शेडमध्ये दहा-बारा जण माझ्यासमोर ओळीत उभे राहिले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नवं म्हणून जे पुढं येणार आहे, त्यातलं पुष्कळसं कुणीतरी टाकून दिलेलंच असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

पण भाच्याचं गाडं अडलेलंच होतं. कोच त्याला उताणा पाडायचा आणि हा श्वास घ्यायच्या आत पालथा. समजत होतं सगळं, अंग ऐकत नव्हतं. महिनाभरानं कोचनं हात टेकले. "ये सिर्फ आप निकाल सकते हो," तो मला म्हणाला.

मी मॅटवर गेलो. भाच्याला पाडलं, खांदे दाबले, म्हणालो, पडून राहा. तो वळला. पुन्हा पाडलं, पुन्हा वळला. मी चिडलो, वाट्टेल तसं बोललो. मग त्याच्या तोंडाकडं लक्ष गेलं. तो लाजत होता. माझ्यासमोर पाठ टेकायची त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज मीच त्याच्या अंगात भरली होती.

मग मीच उताणा पडलो. वरवंडची चार पोरं बघायला आली होती. त्यांतल्या एकानं मान फिरवली. "ये वर," मी भाच्याला म्हणालो. तो हलेना. वस्तादाच्या छातीवर गुडघा कसा ठेवायचा? शेवटी आधी माझ्या पाया पडला आणि मग छातीवर बसला. कोचला हसू आवरेना. "आता गळा धर," मी म्हणालो. त्यानं भीत भीत धरला. "आवळ की, बाईल्यावानी काय धरतो!" त्यानं आवळला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी माझा हात काही उठेना. थापटायचं ठरवून पडलेला माणूस मी, पण हात शिशाचा झाला होता. त्या क्षणी मला समजलं, पिंजऱ्यात त्याचं काय झालं होतं ते. मग कसाबसा हात उचलून मी त्याच्या दंडावर दोनदा थापटलं. गळा सुटला.

मी उठून बसलो, खोकलो. "बघ, काय झालं? जिता हाय नव्हं?" मी म्हणालो. भाचा मॅटवर पाठ टेकून पडला आणि पहिल्यांदाच तसाच राहिला.

पुढची लढत त्याच मंगल कार्यालयात झाली. तिसऱ्या फेरीत समोरच्यानं त्याला उताणा पाडलं. भाच्यानं तिथनंच कोपऱ्याकडं पाहिलं. मी ओरडलो, "तसाच ऱ्हा! पाठ टेक!" माझ्यामागं तालमीतले दोन जुने आप्पा बसले होते. मला वेड लागलं असं त्यांना नक्की वाटलं असणार. भाचा पडून राहिला, पायांनी समोरच्याला अडवलं, सरकत सरकत जाळीला पाठ लावून उठला. शेवटच्या मिनिटाला मात्र पुन्हा खाली गेला आणि या खेपेला त्याचा हात अडकला. कोपर ताणलं जात होतं. त्याचा मोकळा हात हवेत थांबला. मग त्यानं तीनदा थापटलं.

हरला होता, आणि मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. डोळे का वाहत होते ते त्या आप्पांना कसं सांगणार? तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बहीण होती.

"दादा, जितला का त्यो?"

"न्हाई," मी म्हणालो. "पर चालत येतोय बघ, माझ्याकडंच."